इम्युलेटरवर चालणारा स्पेक्ट्रमचा गेम खऱ्या मशीनवर का अडकतो, आणि टेस्टिंग कसं करायचं

प्रश्न खानापूरच्या एका पोराचा आहे, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यानं झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के ह्या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी आपला पहिला गेम केलाय, भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ किडे पकडत फिरतं असा, आणि सगळा लॅपटॉपवर इम्युलेटरमध्येच (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहिलाय आणि तपासलाय. टॅप फाइल (कॅसेटमधल्या मजकुराची फाइल) लोकांना दिल्यावर दोन तक्रारी आल्या. एकाच्या खऱ्या ४८के वर वटवाघूळ हात न लावता आपोआप उडत सुटतं. दुसऱ्याच्या प्लस टू ए वर (स्पेक्ट्रमचंच नंतरचं मॉडेल) मेन्यू येतो, स्टार्ट दाबलं की स्क्रीन गोठते. ह्याच्याकडं मशीन एकपण नाही. तर तो विचारतोय की मशीन नसताना टेस्टिंग करायचं कसं, आणि गेम एकदा दिल्यावर सपोर्ट किती दिवस द्यायचा.

मी बेळगावात, शहापूरला राहतो, उद्यमबागला कंट्रोल पॅनल दुरुस्तीचं काम करतो आणि गेली बरीच वर्षं लोकांचे नवे गेम जुन्या मशीनवर तपासून देतो. माझ्याकडं एक रबरी बटणांचा ४८के आहे, एक डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे (डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ ला लायसन्स घेऊन आपल्याकडं काढलेला तो), एक प्लस टू ए आणि एक कमोडोर ६४, तो दुसऱ्या कंपनीचा त्याच काळातला कॉम्प्युटर. तेव्हा जे सांगतो ते हातानं केलेलं सांगतो.

पहिलं म्हणजे तुझ्या दोन तक्रारी. ह्यातली एकपण पकडायला मशीन लागत नव्हतं.

वटवाघूळ आपोआप उडतं म्हणजे तू केम्पस्टन जॉयस्टिक (मागं इंटरफेस लावून जोडायची) वाचतोस आणि ती आहे की नाही हे बघतच नाहीस. पोर्ट म्हणजे प्रोसेसर बाहेरच्या वस्तूंशी ज्या नंबरवर बोलतो तो, केम्पस्टनचा ३१. जॉयस्टिक लावलेली असेल तर खालच्या पाच बिटमध्ये उजवं, डावं, खाली, वर, फायर येतं आणि काही दाबलं नसेल तर शून्य. पण इंटरफेसच लावलेला नसेल तर त्या पोर्टवर उत्तर द्यायला कोणी नसतं, मग ४८के वर यूएलए, म्हणजे चित्र काढणारी चिप, त्या क्षणी स्क्रीनसाठी मेमरीतनं जो बाइट उचलत असेल तोच तुला मिळतो, आणि बॉर्डर काढताना वाचलंस तर २५५ मिळतो, म्हणजे सगळ्या दिशा आणि फायर एकदम दाबल्यासारखं. तुझ्या इम्युलेटरमध्ये केम्पस्टन आधीपासून चालू असणार, लॅपटॉपच्या बाणाच्या बटणांना जोडलेली, म्हणून तुला कायम शून्य मिळत गेलं. सेटिंगमध्ये जाऊन केम्पस्टन बंद कर आणि परत खेळ, तुझं वटवाघूळ घरातच उडायला लागेल. उपाय सोपा आहे, हॉल्ट (पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत प्रोसेसरला थांबवणारी सूचना) झाल्याझाल्या लगेच, स्क्रीन काढायला सुरुवात व्हायच्या आत पोर्ट वाचायचा, वरच्या तीन बिटपैकी एखादा जरी १ असेल तर जॉयस्टिक नाही असं धरायचं. आणि हे मेन्यूमध्ये एकदा करून ठेवायचं, प्रत्येक फ्रेमला नको. सगळ्यात चांगलं म्हणजे खेळणाऱ्यालाच मेन्यूत निवडू दे, कीबोर्ड की केम्पस्टन की सिंक्लेअर जॉयस्टिक.

दुसरी तक्रार, प्लस टू ए वर गोठणं. तुझा कोड मी बघितलेला नाही, पण माझा संशय तीन जागांवर आहे. तू लिहिलंयस की स्प्राइट, म्हणजे हलणारं चित्र, लुकलुकू नये म्हणून जुन्या लेखातली युक्ती वापरली, तर ती युक्ती बहुतेक पोर्ट २५५ वाचत बसून ठरावीक अ‍ॅट्रिब्यूट (स्क्रीनवरच्या चौकोनाच्या रंगाचा बाइट) दिसेपर्यंत थांबायची असणार. ४८के वर, १२८ वर, करड्या प्लस टू वर ती चालते. प्लस टू ए आणि प्लस थ्री वर त्या पोर्टवर तसं काही येत नाही, कायम २५५ च येतं, तुझा लूप वाट बघत बसतो आणि बाहेरच्याला वाटतं मशीन हँग झालं. दुसरा संशय आयएम टू इंटरप्टचा. इंटरप्ट म्हणजे दर फ्रेमला प्रोसेसरला येणारी हाक, आयएम टू मध्ये ती आपल्या रुटीनकडं जाते आणि त्याचा पत्ता एका टेबलात असतो. जुन्या गेममध्ये बाइट वाचवायला टेबल रॅममध्ये न ठेवता ४८के च्या रॉममधल्या (मशीनचा स्वतःचा कायमचा प्रोग्राम) २५५ नं भरलेल्या मोकळ्या जागेवर रोखायचे. नंतरच्या मशीनच्या रॉममध्ये त्या मोकळ्या जागेत कोड घातलेला आहे, तेव्हा त्यावर भरवसा ठेवायचा नाही. स्वतःचं २५७ बाइटचं टेबल कर, २५६ नाही बरं का, २५७. मी ६५०२४ पासून टेबल ठेवतो आणि सगळ्या बाइटमध्ये २५३ घालतो, म्हणजे उडी कायम ६५०२१ ला जाते आणि तिथं जंपचे तीन बाइट अगदी टेबलाला चिकटून बसतात, जागा वाया जात नाही. तिसरा संशय, तू प्रिंटर बफर फुकटची जागा म्हणून वापरली असशील, २३२९६ पासूनचे २५६ बाइट. ४८के वर ती खरंच फुकट आहे. १२८ मोडमध्ये तिथं मशीनची स्वतःची व्हेरिएबल आणि रॉम बदलायचा कोड असतो, तिथं लिहिलंस की परत बेसिकच्या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या भाषेच्या, दारात गेल्यावर सगळं कोसळतं.

आता फ्यूजसारख्या इम्युलेटरमध्ये मशीन निवडायची सोय असते, ४८के, १२८, प्लस टू, प्लस टू ए, प्लस थ्री, पेंटागॉन (स्पेक्ट्रमचीच एक नक्कल), सगळी. तू प्लस टू ए निवडून एकदा जरी चालवला असतास तर तिथंपण गोठला असता. म्हणून मशीन नाही ही अडचण खरी आहे पण पहिली नाही, पहिली अडचण ही की आपण ज्या सेटिंगमध्ये गेम लिहितो त्याच सेटिंगमध्ये तपासतो, आणि ती सेटिंग आपल्या सोयीची असते, लोकांच्या मशीनची नसते.

मला टेस्टिंगबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे आणि बाकी सगळं त्यातनंच येतं. गेम लोकांच्या हातात जसा पडणार तसाच तपासायचा. म्हणजे बंद मशीन चालू करण्यापासून, टेप लोड होण्यापासून, त्यांच्या जॉयस्टिकवर, त्यांच्या हातानं, आणि त्यांना पाहिजे तितका वेळ.

वेळ का म्हणतो ते सांगतो, कारण ह्या एका बगनं मला जेवढं शिकवलं तेवढं कशानं शिकवलं नाही. एकानं मला त्याचा गेम तपासायला दिला होता, सहा शत्रू असलेला साधा प्लॅटफॉर्म गेम, चांगला होता. मी माझ्या ४८के वर केम्पस्टन लावून दहा मिनिटं, पंधरा मिनिटं असा चार दिवस खेळलो, एकपण चूक दिसली नाही, तसं मी कळवायलाच निघालो होतो. जुलैचा पाऊस होता, शाळेला सुट्टी दिलेली, भाचा घरी आलेला, त्याच्या हातात दिला आणि मी कामाला लागलो. थोड्या वेळानं हाक आली, ‘मामा, हे अडकून बसलंय की!’ बघतो तर खरंच गोठलेला. मला वाटलं लाईटचं काहीतरी झालं असेल, पावसात व्होल्टेज वरखाली होतंच. परत लोड करून दिला. परत अडकला. तिसऱ्यांदा घड्याळ लावून बसलो, खेळ सुरू झाल्यापासून साधारण बावीस मिनिटांनी. चौथ्यांदा पण बावीस मिनिटांनीच, वेगळ्या लेव्हलला, वेगळ्या ठिकाणी, पण बावीसच. जागा बदलते आणि वेळ बदलत नाही म्हटल्यावर बग गेमच्या लेव्हलमध्ये नाही, कुठंतरी काहीतरी मोजलं जातंय, एवढं कळलं.

स्पेक्ट्रमची रॉम दर इंटरप्टला, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, फ्रेम मोजते. हा आकडा तीन बाइटचा. खालचे दोन बाइट भरून परत शून्य झाले की रॉम तिसरा बाइट एकानं वाढवते. ६५५३६ फ्रेम भागिले पन्नास म्हणजे एकवीस मिनिटं आणि वर पन्नास सेकंद. आणि तो तिसरा बाइट रॉम शोधते आय वाय रजिस्टर (पत्ता ठेवायची प्रोसेसरमधली छोटी जागा) वापरून, आय वाय अधिक ६४. रॉमचा विश्वास असतो की आय वाय मध्ये कायम २३६१० आहे. त्या गेमच्या लेखकानं आय वाय स्वतःच्या शत्रूंच्या टेबलासाठी वापरला होता आणि इंटरप्ट आयएम वन वरच, रॉमच्याच हातात ठेवला होता. हॉल्टच्या वेळी आय वाय पहिल्या शत्रूच्या नोंदीवर उभा, प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणजे ६४ बाइट पुढं पाचव्या शत्रूच्या नोंदीचा पहिला बाइट, त्यात शत्रूचा प्रकार लिहिलेला. बावीस मिनिटांनी रॉम येते, तो बाइट एकानं वाढवते, ३ चा ४ होतो, आणि चार नंबरचा शत्रूच गेममध्ये नाही, प्रोग्राम नसलेल्या पत्त्यावर उडी मारतो आणि संपलं.

आणि गंमत बघ, त्याच गेमची अजून एक तक्रार त्याच्याकडं पडून होती, की कधी कधी पहिला शत्रू एकदम उजवीकडं सरकतो. ती त्याला कधी दिसली नाही, मलाही दिसली नाही. तीपण हाच बग होता. कीबोर्डचं बटण दाबलं की रॉम आय वाय अधिक १ वरच्या बाइटचा पाच नंबरचा बिट सेट करते, त्याच्या टेबलात तिथं शत्रूची स्क्रीनवरची आडवी जागा, पाच नंबरचा बिट म्हणजे ३२, शत्रू ३२ पिक्सेल उजवीकडं. तो लॅपटॉपच्या बाणांनी खेळायचा, ते इम्युलेटरनं केम्पस्टनला जोडलेले, म्हणजे स्पेक्ट्रमचं बटण त्यानं कधी दाबलंच नव्हतं. मीपण जॉयस्टिकवर. दोघंही एकाच बाजूनं तपासत होतो. दुरुस्ती काय, दोन ओळी. स्वतःचा आयएम टू लावला, रॉमचा इंटरप्ट बंद, दोन्ही तक्रारी गेल्या. सी मध्ये लिहीत असशील, झेड८८डीके हा सी कंपायलर वापरत असशील, तर हे आणखी बघायला पाहिजे, कारण कंपायलर आय वाय वापरतो का नाही हे तुला कोडमध्ये समोर दिसत नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे, प्रत्येक गेम एकदा अर्धा तास सलग चालू ठेवायचा. खेळायचा कंटाळा आला तर पॉजवर ठेव, डेमो चालू ठेव, पण मशीन बंद करू नको. आणि एकदा नुसत्या कीबोर्डवर, एकदा नुसत्या जॉयस्टिकवर.

लोडिंगबद्दल. इम्युलेटर टॅप फाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत आत घेतं, कारण तो रॉमचा लोडर चालवतच नाही, मध्येच अडवून बाइट थेट मेमरीत टाकतो. ती सोय बंद कर, फ्यूजमध्ये टेप ट्रॅप म्हणून आहे, फास्ट लोडिंगपण बंद, आणि चहा ठेवून खरे चार-पाच मिनिटं लोड होऊ दे. मग कळेल तुझा लोडिंग स्क्रीन कसा दिसतो, त्यावर बेसिकचा मजकूर येऊन बसतो का, कोड लोड करायच्या आधी क्लिअर (बेसिकला मेमरीची हद्द सांगणारी कमांड) दिलायस का. स्नॅपशॉट करून कधी वाटू नको. स्नॅपशॉट म्हणजे तुझ्या मशीनची त्या क्षणाची अवस्था, त्यात तुझा लोडर कधी चाललेलाच नसतो.

मेमरीचंपण तसंच. ४८के चालू होताना रॉम सगळी रॅम तपासते आणि शून्य करून ठेवते, त्यामुळं तू एखादं व्हेरिएबल सुरुवातीला शून्य करायचं विसरलास तरी पहिल्या वेळी कळत नाही. दुसऱ्यांदा खेळायला घेतलं की मागच्या खेळाचे स्कोअर, मागच्या लेव्हलचे किडे तसेच. म्हणून गेम ओव्हर झाल्यावर परत स्टार्ट, परत गेम ओव्हर, परत स्टार्ट, असं किमान पाच वेळा करायचं, आणि प्रत्येक वेळी मुद्दाम वेगळ्या तऱ्हेनं मरायचं. अजून एक कडक परीक्षा मी घेतो. गेम लोड करायच्या आधी बेसिकमध्ये क्लिअर २९९९९ देतो आणि ३०००० पासून ६५५३५ पर्यंत सगळीकडं २५५ पोक करतो, म्हणजे मेमरीत लिहितो, फॉर-नेक्स्ट लावून. काही मिनिटं जातात, जाऊ देत. मग त्या घाण मेमरीवर गेम लोड करायचा. ज्या गेमला शून्याची सवय लागलेली असते तो इथं पडतो.

कमोडोर ६४ वर हे आणखी महत्त्वाचं, कारण तो चालू होताना रॅम तपासतो पण पुसत नाही, चालू केल्यावर चिपमध्ये जे काही येईल ते तसंच, काही मशीनवर शून्य आणि २५५ चे पट्टे, काहींवर वेगळंच. व्हाइस ह्या कमोडोरच्या इम्युलेटरमध्ये चालू करतानाचा रॅमचा पॅटर्न बदलता येतो, तो बदलून दोनतीनदा बघ. कमोडोरचा गेम पुढं करणार असशील तर पाल आणि एनटीएससी (टीव्हीच्या दोन पद्धती, आपली आणि अमेरिकेची) दोन्ही तपास. पालला एका फ्रेममध्ये ३१२ ओळी, प्रत्येक ओळीला ६३ सायकल, म्हणजे १९६५६. एनटीएससीला २६३ ओळी गुणिले ६५, म्हणजे १७०९५. आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणून आपला गेम पालवर ऐसपैस बसतो आणि अमेरिकेतल्या माणसाकडं गेल्यावर फ्रेममध्ये मावत नाही, संगीत भरभर वाजतं. सिडची, म्हणजे आवाजाची, चिपपण दोन तऱ्हेची, ६५८१ आणि ८५८०, फिल्टरचा आवाज वेगळा येतो आणि व्हॉल्यूम रजिस्टरवरनं वाजवलेले सॅम्पल ८५८० वर अगदी बारीक ऐकू येतात. जॉयस्टिक पोर्ट दोनवर ठेव, पोर्ट एकच्या तारा कीबोर्डच्याच असतात, तिथं जॉयस्टिक हलवली की कमोडोरला अक्षरं दाबल्यासारखं वाटतं.

टायमिंगबद्दल जास्त बोलत नाही, तुझ्या गेममध्ये मल्टिकलर (ओळीगणिक रंग बदलायची युक्ती) वगैरे काही नाही. एवढंच लक्षात ठेव की ४८के ची फ्रेम ६९८८८ टी-स्टेटची (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), १२८ ची ७०९०८, पेंटागॉनची ७१६८०, आणि १६३८४ ते ३२७६७ मधला कोड हळू चालतो कारण यूएलए मध्येच मेमरी मागतो. जे काही वेगात चालायला पाहिजे ते ३२७६८ च्या वर ठेव. गेमचा वेग हॉल्टला बांध, रिकाम्या लूपला नको. स्पेक्ट्रम नेक्स्ट ह्या नव्या मशीनवर लोक २८ मेगाहर्ट्झ लावून खेळतात आणि रिकाम्या लूपवर चालणारं वटवाघूळ तिथं दिसणार पण नाही.

खऱ्या मशीनवर तपासायचंच असेल, आणि मी म्हणतो देण्याआधी एकदा तरी तपासायचंच, तर मशीन विकत घ्यायची घाई करू नको. घेतलंसच तर एक सांगतो, ४८के स्पेक्ट्रमचा पॉवर ९ व्होल्टचा, पण मधली पिन निगेटिव्ह. खडेबाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्हचे असतात, पिन बसते आणि मशीन जातं. मीटर लावून बघितल्याशिवाय जोडायचं नाही. कमोडोरचा जुना मूळ पॉवर सप्लाय तर वापरूच नको, आतला रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडतो आणि रॅमच्या चिपा घेऊन जातो. इंटरफेस लावताना काढताना मशीन बंद पाहिजे. आणि आपल्याकडचा पाऊस माहीत आहे तुला, खानापूरला तर बेळगावपेक्षा जास्त, एज कनेक्टरवर (मशीनच्या मागची इंटरफेस लावायची पट्टी) काळपट थर येतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मगच लावायचं, नाहीतर गेमचा बग आहे म्हणून दोन दिवस शोधशील आणि दोष कनेक्टरचा निघेल. मी एखादा बग लिहून घ्यायच्या आधी माहितीतला जुना गेम त्याच मशीनवर चालवून बघतो. तो नीट चालला तरच नव्याला दोष देतो.

लोड करायला टेपरेकॉर्डर नसला तरी चालतं. टॅपची वेव्ह फाइल करून मोबाइलवरनं इअर सॉकेटमध्ये द्यायची, आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, नाहीतर मेसेजचा टुंग आवाज मधल्या ब्लॉकमध्ये जातो आणि लोडिंग एरर. प्लस टू ए ला टेपरेकॉर्डर आतच बसवलेला, तिथं कारच्या टेपला लावतात तो कॅसेट अडॅप्टर घालून मोबाइल जोडायचा, मस्त चालतं.

टेस्टर किती पाहिजेत असं तू विचारलं नाहीस पण सांगतो. एकच इम्युलेटर वापरणारे वीस जण असण्यापेक्षा वेगवेगळी मशीन असलेले चार जण पुरतात. आणि एक जण असा पाहिजे ज्याला हा गेम काय आहे हे काहीच माहीत नाही. त्याच्या शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, तोंडातनं निघतंच, अरे तिकडं नको वर उड म्हणून. बोललास की टेस्ट संपली. तो कुठं थांबतो, कुठलं बटण शोधतो, मेन्यूत काय वाचत नाही, हे फक्त वहीत लिहायचं. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी, वय सत्तरच्या पुढं, एका गेममध्ये पहिल्या स्क्रीनवर दहा मिनिटं घालवली कारण लाल भिंतीवरची काळी किल्ली त्यांना दिसतच नव्हती. ही चूक त्यांची नव्हती, गेमची होती, आणि ती दुरुस्त झाली.

तू मजकूर मराठीत दिलायस हे मला फार आवडलं, म्हणून त्यावर दोन शब्द. आठ बाय आठच्या चौकोनात देवनागरी बसत नाही, शिरोरेषेवर वेलांटी मात्रा, खाली उकार, जागाच उरत नाही. तू पाठवलेल्या चित्रात ‘ढ’ आणि ‘द’ सारखेच दिसतात आणि अनुस्वार शिरोरेषेत बुडालाय. दोन ओळींची उंची घे, सोळा पिक्सेल. यूडीजी, म्हणजे बेसिकमध्ये स्वतः काढायची अक्षरं, वापरत असशील तर ४८के वर २१ मिळतात पण १२८ बेसिकमध्ये शेवटची दोन, टी आणि यू ची, स्पेक्ट्रम आणि प्ले ह्या कमांडनी घेतलेली आहेत, तेव्हा स्वतःचा फॉन्ट स्वतःच काढून दाखव. आणि हे वाचायला आपल्या घरातल्याला दे, ज्यांना मराठी रोज वाचायची सवय आहे त्यांना. पुढं कन्नडमध्येपण करणार म्हणतोयस तर कन्नड वाचणाऱ्या मित्राकडं आधी दे, ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, खाली लोंबतात, त्यांना देवनागरीपेक्षा जास्त उंची लागेल.

आता सपोर्ट. किती दिवस ह्याला माझं उत्तर असं आहे की दिवसात मोजू नको, पण आधी तयारी कर म्हणजे जड जात नाही. टायटल स्क्रीनवर कोपऱ्यात व्हर्जन नंबर पाहिजेच, त्याशिवाय गेम बाहेर देऊ नको. बाहेर दिलेल्या प्रत्येक व्हर्जनची टॅप फाइल, त्याचा पूर्ण सोर्स आणि असेंबलरनं काढलेली मॅप फाइल, तिन्ही एका फोल्डरमध्ये, परत हात लावायचा नाही. दोन वर्षांनी कोणी फोटो पाठवला की मशीन इथं अडकलं, तेव्हा कुठला पत्ता म्हणजे कुठलं रुटीन हे तुला त्या मॅप फाइलशिवाय कळणार नाही.

तक्रार आली की त्याच दिवशी दोन ओळी लिही, मिळाली म्हणून. मग विचार, मशीन कुठलं, लोड कशावरनं केलं, टेप की एसडी कार्ड की इम्युलेटर, मागं काय काय जोडलेलं होतं, जॉयस्टिक कुठली, आधी दुसरा गेम चालवला होता का, किती मिनिटांनी झालं, परत होतं का. स्क्रीनचा फोटो माग. बहुतेक लोक पहिल्यांदा नुसतं ‘चालत नाही’ एवढंच लिहितात आणि आपल्याला राग येतो, पण विचारलं की सगळे मनापासून सांगतात, ज्यानं पाच मिनिटं टेप लोड होईपर्यंत वाट बघितली त्याला तुझा गेम खेळायचाच असतो. आणि तुझ्याकडं तसं होत नाही म्हणजे त्याचं खोटं आहे असं कधी धरू नको. बावीस मिनिटांचा बग आठव.

दुरुस्ती केलीस तर त्याच रात्री बाहेर देऊ नको. माझा अनुभव आहे, घाईनं दिलेल्या दुरुस्तीत दुसरंच काहीतरी मोडलेलं असतं. ज्यानं तक्रार केली त्याला आधी एकट्याला दे, त्याच्या मशीनवर चालला म्हणाला की मग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा स्वतः खेळ, मगच सगळ्यांना. बग दुरुस्त करताना त्याच व्हर्जनमध्ये नवी लेव्हल, नवं संगीत घालायचा मोह होतो. घालू नको, ते पुढच्याला. कॅसेट काढणार असशील तर आणखी सावध, कारण कॅसेट एकदा गेली की तिच्यातला बग कायमचा तिच्यातच. कॅसेटसाठी फाइल बंद केल्यावर महिनाभर नुसती टेस्टरकडं ठेव, आणि कॉपी करून आलेल्या कॅसेटमधली एकदोन काढून खऱ्या मशीनवर दोन्ही बाजू लोड करून बघ.

तुझ्याकडून आत्ता मला पाहिजे ते एवढं. आधी केम्पस्टन बंद करून, मग प्लस टू ए निवडून इम्युलेटरमध्ये दोन्ही तक्रारी तुझ्या डोळ्यानं बघ. मग पोर्ट २५५ वाचणारा लूप काढ, त्याच्या जागी हॉल्ट घाल आणि किडे आधी वरच्या बाजूचे काढत ये म्हणजे लुकलुकणं तसंही बरंच कमी होईल. नवी टॅप आणि मॅप फाइल दोन्ही पाठव, नुसती टॅप नको. मी ४८के वर आणि डीबी वर संध्याकाळी तपासतो. प्लस टू ए चा बेल्ट बदलायचा राहिलाय, तो ह्या आठवड्यात करून ठेवतो. रविवारी सकाळच्या खानापूर गाडीनं ये, भाचापण असतो, अर्धा तास त्याच्याच हातात देऊ आणि आपण दोघं मागं बसून वहीत लिहू.